परदेशात राहायला जाताय? हेल्थ इन्शुरन्स कसा निवडायचा, पायरी पायरीने

परदेशात नोकरीला, शिकायला किंवा जोडीदारासोबत राहायला जाणारे लोक घरभाडं, शाळा, बँक अकाउंट यावर महिनोन् महिने डोकं लावतात आणि हेल्थ इन्शुरन्स मात्र व्हिसाच्या यादीत टिक मारायची म्हणून शेवटच्या आठवड्यात सगळ्यात स्वस्त दिसेल तो घेऊन टाकतात. व्हिसा मिळतोही. पण व्हिसा ऑफिसला चालणारी पॉलिसी आणि आजारपणात कामाला येणारी पॉलिसी या बऱ्याचदा दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि हे कळतं तेव्हा आपण बिलिंग काउंटरसमोर उभे असतो.

सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: कव्हरमधे गॅप पडू देऊ नका. आज जो आजार नवीन म्हणून कव्हर होतोय तोच आजार, मधे दोन महिने पॉलिसी नसली की, पुढच्या कंपनीच्या हिशेबात आधीपासूनचा होतो आणि मग तो वगळला जातो किंवा त्याचे जादा पैसे लागतात. त्यामुळे नवी पॉलिसी सुरू झाल्याचं पत्र हातात पडेपर्यंत जुनी बंद करायची नाही. खालच्या बऱ्याच पायऱ्या फिरून फिरून याच मुद्द्यावर येतात.

पायरी १: आधी तिथला कायदा बघा

बहुतेक जण सुरुवात तुलना करणाऱ्या साइटवरून करतात. तिथून करू नका. ज्या देशात चाललाय तिथला कायदा तुम्हाला निवड देतो का हे आधी बघायचं, कारण बऱ्याच देशांत निवड नसतेच, किंवा अगदी थोडी असते.

स्वित्झर्लंडमधे राहायला आल्यापासून ३ महिन्यांत तिथला बेसिक विमा घ्यावाच लागतो, तो मुदतीत घेतला की आल्या दिवसापासून लागू धरतात आणि प्रीमियमही त्याच दिवसापासूनचा वसूल होतो, म्हणजे तीन महिने थांबून तेवढे पैसे वाचवू असा हिशेब तिथे चालत नाही. चांगली बाजू अशी की बेसिक विम्यासाठी कंपनी तुम्हाला आजारपणावरून नाकारू शकत नाही. नेदरलँड्समधेही साधारण हीच पद्धत, फक्त मुदत ४ महिन्यांची. जपानमधे ३ महिन्यांपेक्षा जास्त राहणारा रहिवासी सरकारी विम्यात येतोच, एकतर नोकरीच्या मार्फत नाहीतर स्थानिक पालिकेच्या मार्फत, आणि बिलाचा साधारण ३० टक्के वाटा स्वतः भरतो, पण त्यालाही उत्पन्नानुसार महिन्याची वरची मर्यादा आहे. दक्षिण कोरियात जुलै २०१९ पासून ६ महिने राहिलेल्या परदेशी माणसाला सरकारी विमा सक्तीचा झालाय.

ब्रिटनमधे गंमत वेगळी. तिथे विमा घ्यायचा नसतो, ६ महिन्यांपेक्षा मोठ्या व्हिसाच्या अर्जासोबत हेल्थ सरचार्ज भरायचा असतो: फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांना आणि १८ च्या आतल्या मुलांना ७७६. आणि हा पूर्ण व्हिसाच्या मुदतीचा एकदम, आधीच. तीन वर्षांचा व्हिसा म्हणजे मोठ्या माणसाला ३,१०५ पौंड, चार जणांचं कुटुंब असेल तर हा आकडा बजेटमधे आधी टाका, खूप जणांना तो अर्ज भरताना पहिल्यांदा दिसतो. त्यात सरकारी आरोग्यसेवा मिळते, पण दातांचे पैसे वेगळे, इंग्लंडमधे औषधांच्या चिठ्ठीचे वेगळे, आणि तातडीच्या नसलेल्या कामांना रांग. ज्यांना रांगेत थांबायचं नाही ते वरून प्रायव्हेट घेतात, पण तो चैनीचा भाग झाला, पहिल्या वर्षी गरज नाही असं माझं मत.

जर्मनीचं प्रकरण नीट समजून घ्या कारण तिथे एक निर्णय पुढची वीस वर्षं मागे लागू शकतो. नोकरदाराचा पगार ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर सरकारी विमा सक्तीचा, वर असेल तर प्रायव्हेटमधे जायची मुभा. २०२६ साठी ही मर्यादा वर्षाला ७७,४०० युरो आहे. सरकारी विम्याचा हप्ता पगाराच्या टक्क्यांत ठरतो आणि बिनकमाईचा जोडीदार व मुलं त्यातच फुकट येतात. प्रायव्हेटमधे हप्ता वयावर आणि तब्येतीवर, आणि प्रत्येक माणसाचा वेगळा. साहजिकच तिशीतला, एकटा, धडधाकट, चांगल्या पगाराचा माणूस आकडे बघतो आणि प्रायव्हेटकडे पळतो, अपॉइंटमेंटही लवकर मिळते म्हणून. मग लग्न होतं, मुलं होतात, आणि परत सरकारीत यायचं म्हटलं तर रस्ता अरुंद झालेला असतो, ५५ नंतर तर जवळपास बंदच. किती वर्षं राहणार हे नक्की माहीत नसेल तर सरकारीतच राहा, असं मी तरी कोणालाही सांगेन. तिथे एक्स्पॅट नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त मुदतीच्या पॉलिसींपासूनही जपून, त्या जास्तीत जास्त ५ वर्षांच्या असतात आणि व्हिसा वाढवताना त्या अडवल्या जाऊ शकतात.

आता ज्या देशांत सरकारी छत्र नवख्या माणसाला मिळत नाही ते. सिंगापूरमधला मूलभूत सरकारी विमा नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच आहे, एम्प्लॉयमेंट पासवाल्यासाठी (म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यासाठी) नाही, तिथे सगळा भार नोकरी देणाऱ्या कंपनीच्या पॉलिसीवर. दुबईत मालकाने नोकराचा विमा काढणं कायद्याने बंधनकारक आहे, पण घरच्यांचा विमा ज्याने त्यांना स्पॉन्सर केलं त्याची जबाबदारी, म्हणजे बहुतेक वेळा तुमचीच. आणि कायद्याने ठरवलेला जो किमान प्लॅन आहे त्याची वर्षाची मर्यादा १,५०,००० दिऱ्हम, मोठ्या ऑपरेशनला ही कधी संपली कळत नाही. स्पेनमधे बऱ्याच निवासी व्हिसांना स्पेनमधे परवाना असलेल्याच कंपनीची पॉलिसी लागते, तीही को-पेमेंट (प्रत्येक उपचाराला स्वतः भरायचा वाटा) नसलेली, त्यामुळे बाहेरून घेतलेली महागडी इंटरनॅशनल पॉलिसीही तिथे नाकारली जाऊ शकते.

अमेरिकेत विमा नसल्याबद्दलचा केंद्र सरकारचा दंड २०१९ पासून शून्य झालाय पण म्हणून विम्याशिवाय राहायचं धाडस करू नका. कायदेशीर व्हिसावर राहणारे बरेच जण सरकारी मार्केटप्लेसवर (सरकारने चालवलेल्या विमा खरेदीच्या साइटवर) पॉलिसी घेऊ शकतात. तिची नेहमीची नोंदणी १ नोव्हेंबरला उघडते, पण नव्याने देशात राहायला आल्यावर ६० दिवसांची खास खिडकी मिळते. ती चुकली की पुढच्या नोंदणीपर्यंत थांबा.

या पायरीच्या शेवटी हातात तीन उत्तरं पाहिजेत: सरकारी विम्यात मला घेतात का, कोणत्या तारखेपासून, आणि तोपर्यंत मधल्या काळात काय. मधल्या काळाला लोक विसरतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आल्याचा उरलेला महिना अधिक दोन महिने असा वेटिंग पीरियड (कव्हर सुरू होण्याआधी थांबायचा काळ) असतो, ऑन्टॅरिओ प्रांताने तो २०२० मधे काढून टाकला, म्हणजे एकाच देशात प्रांत बदलला की नियम बदलला. असल्या मधल्या काळापुरता वेगळा विमा घ्यायचा, तो स्वस्तही असतो.

पायरी २: ट्रॅव्हल इन्शुरन्सला हेल्थ इन्शुरन्स समजू नका

ही गल्लत सगळ्यात जास्त होते. ट्रॅव्हल पॉलिसीचं काम एवढंच, की अचानक काही झालं तर तुम्हाला जागेवर सावरायचं आणि मायदेशी पाठवायचं. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांत फिरायचा एकच व्हिसा) जी ३०,००० युरोची पॉलिसी लागते ती याच जातीची, ती थोडे दिवस फिरायला येणाऱ्यांसाठी आहे, तिथे संसार थाटणाऱ्यांसाठी नाही. पुढची तपासणी, नेहमीची औषधं, सहा महिने चालणारी ट्रीटमेंट हे त्यात नसतं. आणि खरी गोम पुढे आहे: ट्रॅव्हल पॉलिसी बहुतेक वेळा रिन्यू होत नाही, नवी निघते. म्हणजे पहिल्या पॉलिसीत मार्चमधे गाठ सापडली, पॉलिसी जूनमधे संपली, जुलैच्या पॉलिसीसाठी ती गाठ आधीचा आजार. म्हणायला अकरा महिने सलग विमा होता, प्रत्यक्षात उपचार अर्ध्यावर.

अमेरिकेला येणाऱ्या आईवडिलांसाठी ज्या व्हिजिटर पॉलिसी विकतात त्यात आणखी दोन गोष्टी बघा. एक, ती फिक्स्ड बेनिफिट आहे का. असेल तर प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम मिळते, हॉस्पिटलच्या एका दिवसाचे इतके, सर्जनचे इतके, आणि खरं बिल त्याच्या कितीतरी पट असू शकतं. थोडे जास्त पैसे देऊन कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या. दुसरं, 'अक्यूट ऑनसेट' हे शब्द. एजंट सांगतो की जुने आजारही कव्हर आहेत. पॉलिसीत लिहिलेलं असतं की जुना आजार अचानक, कसलीही पूर्वसूचना न देता उफाळला आणि साधारण २४ तासांत उपचार घेतले तरच, तेही ठरावीक वयापर्यंत आणि ठरावीक रकमेपर्यंत. चार दिवस छातीत दुखत होतं आणि पाचव्या दिवशी दवाखान्यात गेले, तर ते अचानक झालं असं कंपनी मानेलच असं नाही.

मग उरतात तीन प्रकार. लोकल प्लॅन, म्हणजे त्या देशातला, तिथल्या लोकांसारखा. स्वस्त, तिथल्या हॉस्पिटलांना ओळखीचा, पण देशाबाहेर जवळपास निरुपयोगी. इंटरनॅशनल प्लॅन, म्हणजे देश बदलला तरी सोबत येणारा. महाग, पण सलगता टिकते. आणि नोकरी देणाऱ्या कंपनीचा ग्रुप प्लॅन. एकाच देशात पाच-सात वर्षं राहायचं पक्कं असेल आणि तिथली सरकारी व्यवस्था बरी असेल तर इंटरनॅशनलच्या नादी लागायचं कारण नाही. दर दोन वर्षांनी बदली होणाऱ्यांनी मात्र लोकलच्या स्वस्ताईला भुलू नये, प्रत्येक बदलीत आजारांची हिस्ट्री पहिल्यापासून तपासली जाते.

पायरी ३: एका कागदावर स्वतःबद्दल लिहा

कोटेशन मागवायच्या आधी हे करा. घरात कोण कोण, वयं, कोणाला कुठला आजार, रोजची कुठली गोळी (ब्रँडचं नाही, औषधाचं मूळ नाव), गेल्या पाच वर्षांत काय काय तपासण्या झाल्या, मूल हवंय का आणि कधीच्या आसपास, वर्षातून मायदेशी किती आठवडे जाता, कामासाठी अजून कुठल्या देशांत फिरता. आणि एक प्रश्न जो कोणी विचारत नाही: मोठा आजार निघाला तर उपचार कुठे घ्यायचे आहेत, तिथेच की मायदेशी, आपल्या माणसांत? याच्या उत्तरावर अख्खी निवड फिरते. मायदेशीच जायचं असेल तर परदेशातली पॉलिसी जेमतेम असली तरी चालेल पण मायदेशातली मजबूत पाहिजे, आणि ती चालू ठेवायला पाहिजे. मायदेशातल्या पॉलिसीचे वेटिंग पीरियड एकदा पूर्ण झालेले असतील तर जाताना ती बंद करू नका. फक्त राहण्याचा देश बदलला तर ती लागू राहते का हे कंपनीकडून लेखी घ्या.

पायरी ४: जुने आजार (ही पायरी घाईत वाचू नका)

कंपनी तुमची हिस्ट्री कशी तपासते याच्या साधारण चार पद्धती आहेत आणि एकाच कंपनीत दोन-दोन पर्यायही देतात.

पहिली, फुल अंडररायटिंग. सगळी हिस्ट्री फॉर्ममधे लिहायची, मग कंपनी एकतर जशीच्या तशी पॉलिसी देते, किंवा प्रीमियम वाढवते, किंवा ठरावीक आजार वगळते, किंवा नाही म्हणते. त्रासदायक वाटते पण मला हीच आवडते, कारण पैसे भरायच्या आधी काय कव्हर नाही ते कागदावर कळतं.

दुसरी, मोरेटोरियम. यात काहीच विचारत नाहीत, फॉर्म पाच मिनिटांत होतो, आणि म्हणूनच लोकांना ती फार सोयीची वाटते. अट अशी असते की गेल्या साधारण ५ वर्षांत ज्या आजाराची लक्षणं, औषध किंवा सल्ला झालाय तो सुरुवातीला कव्हर नाही, आणि पॉलिसी सुरू झाल्यावर सलग २ वर्षं त्याचं कुठलंही लक्षण, औषध, तपासणी, सल्ला नसेल तर मग तो कव्हर होतो. आता ही अट नीट वाचा. ब्लड प्रेशरची किंवा थायरॉइडची गोळी रोज घेणाऱ्या माणसाची अशी दोन वर्षं कधी येणारच नाहीत. एजंट म्हणतो 'दोन वर्षांनी सगळं कव्हर होतं', ते गुडघ्याच्या जुन्या दुखापतीला लागू पडेल, डायबेटिसला नाही. आणि ब्लड प्रेशर वगळलं की हार्ट अटॅकच्या क्लेमवर कंपनी 'संबंधित आजार' म्हणून बोट ठेवू शकते.

तिसरी, ट्रान्सफर. आधीच्या कंपनीत जे वगळलेलं होतं तेवढंच वगळून बाकी तसंच पुढे. याच्यासाठी आधीची पॉलिसी सलग चालू असल्याचा पुरावा लागतो, एक दिवसाचा खंडही काही कंपन्या मान्य करत नाहीत. चौथी, हिस्ट्री न बघणारा ग्रुप प्लॅन, मोठ्या कंपन्यांत मिळतो, जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर. घरात कोणाला मोठा आजार असेल तर नोकरी निवडताना पगाराच्या बरोबरीने हा मुद्दा बघा, ऑफर लेटर आलं की एचआरला सरळ विचारा की हिस्ट्री बघतात का, आईवडील घेता येतात का, नोकरी सोडल्यावर वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का आणि किती दिवसांत अर्ज करायचा.

लपवालपवी करू नका. क्लेम मोठा असला की कंपनी जुन्या डॉक्टरांचे कागद मागवते, आणि त्यात एका ओळीत 'गेले दोन वर्षं अधूनमधून चक्कर' असं लिहिलेलं असलं तरी पुरतं. निदान झालं नसलं तरी लक्षण धरलं जातं. शिवाय फॉर्म भरल्यापासून पॉलिसी सुरू होईपर्यंत मधे काही नवीन निघालं तर तेही कळवायचं असतं.

पायरी ५: पैसे कोण, किती, कधी भरणार

प्रीमियम हा फक्त पहिला आकडा. डिडक्टिबल म्हणजे आधी तुम्ही भरायची रक्कम, को-इन्शुरन्स म्हणजे त्यानंतरच्या बिलातला तुमचा टक्का, को-पे म्हणजे प्रत्येक व्हिजिटची ठरलेली फी, आणि वर्षभरात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल ती एक वरची मर्यादा. ही मर्यादा आहे का, हे सगळ्यात आधी बघा.

स्वित्झर्लंडचा हिशेब करून बघू, कारण तिथले नियम स्वच्छ आहेत. मोठ्या माणसाला डिडक्टिबल ३०० फ्रँकपासून २,५०० पर्यंत निवडता येतो. त्याच्या वरच्या बिलाचे १० टक्के तुमचे, पण वर्षाला ७०० फ्रँकच्या पुढे नाही. समजा वर्षभरात ५,००० फ्रँकचं बिल झालं. ३०० वाला माणूस ३०० भरेल आणि उरलेल्या ४,७०० चे १० टक्के म्हणजे ४७०, एकूण ७७०. २,५०० वाला २,५०० अधिक २५०, म्हणजे २,७५०. फरक १,९८० फ्रँकचा. बिल कितीही वाढलं तरी पहिला १,००० च्या पुढे जात नाही आणि दुसरा ३,२०० च्या पुढे जात नाही (हॉस्पिटलात राहण्याचा रोजचा छोटा आकार सोडून). म्हणजे मोठा डिडक्टिबल घेऊन प्रीमियममधे वर्षाला किती वाचतात ते बघायचं, त्या २,२०० च्या समोर ठेवायचं आणि विचारायचं की ही रक्कम एकदम भरायची वेळ आली तर बँकेत आहे का. धडधाकट माणसाला मोठा डिडक्टिबल परवडतो, नेहमी डॉक्टरकडे जाणाऱ्याला नाही, मधले पर्याय बहुतेक कोणाच्याच फायद्याचे नसतात. नेदरलँड्समधे सक्तीचा डिडक्टिबल ३८५ युरो आहे, फॅमिली डॉक्टरची व्हिजिट त्यातून वगळलेली.

अमेरिकेत मार्केटप्लेसच्या पॉलिसीला २०२६ मधे एका माणसाची वरची मर्यादा १०,६०० डॉलर आहे, पण ती नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या हॉस्पिटलांपुरती. नेटवर्कबाहेर गेलात की हा आकडा विसरा. इमर्जन्सीमधे २०२२ पासून कायद्याने बरंच संरक्षण आहे, तरी रस्त्यावरची अँब्युलन्स त्यातून सुटलेली आहे.

इंटरनॅशनल प्लॅनमधे डिडक्टिबल वर्षाला की प्रत्येक आजाराला हे बघायला चुकू नका. आकडा सारखाच दिसतो पण वर्षात तीन वेगळी दुखणी निघाली तर तिप्पट. आणि ब्रोशरवर मोठ्या अक्षरांत जी लाखांची मर्यादा असते तिच्यापेक्षा आतल्या छोट्या मर्यादा जास्त महत्त्वाच्या: कॅन्सरला वेगळी मर्यादा आहे का, डायलिसिसला किती, फिजिओथेरपीची सेशन किती, क्रॉनिक (कायमचा, लांबणारा) आजार नियमित कव्हर आहे की फक्त अचानक बिघडल्यावर सावरण्यापुरता. दोन प्लॅन तुलना करायचे तर याच ओळी शेजारी शेजारी ठेवा, बाकीचं ब्रोशर बाजूला टाकलंत तरी चालेल.

पायरी ६: भूगोल

इंटरनॅशनल प्लॅनमधे 'जगभर' आणि 'अमेरिका सोडून जगभर' असे दोन भाव असतात आणि फरक मोठा असतो, कारण तिथले उपचार महाग. वर्षातून एकदा पंधरा दिवस अमेरिकेला जाणार असाल तर पूर्ण जगभर घ्यायची गरज नाही, बऱ्याच प्लॅनमधे कव्हरबाहेरच्या देशातही छोट्या मुक्कामात इमर्जन्सी कव्हर असतं, नाहीतर त्या पंधरा दिवसांपुरता ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या. मायदेशातल्या मुक्कामालाही मर्यादा असते. बाळंतपणाला किंवा आजारी आईवडिलांसाठी चार-पाच महिने येऊन राहणाऱ्यांनी ती आधी वाचावी.

पायरी ७: हॉस्पिटलला फोन करा

घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल असं एक चांगलं हॉस्पिटल निवडा आणि त्यांच्या इन्शुरन्स डेस्कला फोन लावा. 'तुम्ही अमुक कंपनी घेता का' असं विचारू नका, उत्तर 'हो' येईल आणि ते निरुपयोगी आहे, कारण एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग प्लॅनची नेटवर्क वेगळी असतात. विचारा: 'अमुक कंपनीचा अमुक नावाचा प्लॅन, अमुक नेटवर्क, तुमच्याकडे ॲडमिशनला डायरेक्ट बिलिंग होतं का, आणि ओपीडीला होतं का?' डायरेक्ट बिलिंग म्हणजे हॉस्पिटल पैसे सरळ विमा कंपनीकडून घेतं. बऱ्याच ठिकाणी ॲडमिशनला होतं, ओपीडीला आधी आपण भरायचं आणि मग क्लेम करायचा. पुढचा प्रश्न: रात्री इमर्जन्सीत आलो आणि कंपनीचं गॅरंटी लेटर (पैसे आम्ही देऊ असं पत्र) सकाळपर्यंत आलं नाही तर डिपॉझिट किती घेता? काही हॉस्पिटलं मोठी रक्कम आधी मागतात, तेवढी क्रेडिट लिमिट कार्डावर ठेवा. फोनवर कोणाशी बोललात त्याचं नाव आणि तारीख टिपून ठेवा.

हा फोन पॉलिसी घ्यायच्या आधी करायचा, नंतर करून उपयोग नाही. पंधरा मिनिटांत जे कळतं ते चाळीस पानांच्या पीडीएफमधून कळत नाही.

पायरी ८: बाळंतपण, इव्हॅक्युएशन आणि बाकीचं

बाळंतपणाला बहुतेक इंटरनॅशनल प्लॅनमधे १० ते १२ महिन्यांचा वेटिंग पीरियड असतो. तो डिलिव्हरीपर्यंत मोजतात की गर्भधारणेपर्यंत हे लेखी विचारा, नऊ महिन्यांचा फरक पडतो. बाळ जन्मल्यावर साधारण ३० दिवसांत पॉलिसीत टाकलं तर बऱ्याच कंपन्या तब्येतीचे प्रश्न विचारत नाहीत, मात्र आयव्हीएफने झालेल्या किंवा दत्तक बाळासाठी अटी वेगळ्या असू शकतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आयसीयूला वेगळी मर्यादा आहे का तेही बघा, बाळंतपणातला सगळ्यात महाग भाग तोच.

इव्हॅक्युएशन आणि रिपॅट्रिएशन यात लोक गोंधळतात. पहिल्यात तुम्हाला जवळच्या अशा ठिकाणी नेतात जिथे योग्य उपचार होऊ शकतील, आणि कुठे ते कंपनीचा डॉक्टर ठरवतो. दुसऱ्यात मायदेशी. दोन्हीत एक कडक अट: आधी कंपनीच्या २४ तासांच्या नंबरवर फोन. स्वतःच एअर अँब्युलन्स ठरवलीत तर पैसे मिळतील ही आशा ठेवू नका. चांगली हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर असलेल्या शहरात राहणाऱ्याला हे फारसं लागत नाही, खाणीवर, बेटावर, लहान गावात काम करणाऱ्याला मात्र हाच पॉलिसीचा मुख्य भाग. अमेरिकेच्या जे-१ व्हिसाला (संशोधन, शिक्षण वगैरे देवाणघेवाणीसाठी येणाऱ्यांचा) प्रत्येक आजार-अपघातामागे १,००,००० डॉलर, इव्हॅक्युएशनला ५०,०००, मृतदेह मायदेशी नेण्याला २५,००० आणि डिडक्टिबल ५०० च्या आत अशी किमान अट आहे. ही किमान आहे, पुरेशी आहे असं नाही. तिथल्या आयसीयूत एक लाख डॉलर फार दिवस टिकत नाहीत.

मानसिक आरोग्याला वेगळा वेटिंग पीरियड किंवा फक्त ॲडमिशनपुरतं कव्हर असं असतं, आणि परदेशातल्या पहिल्या वर्षीच त्याची गरज जास्त पडते, तेव्हा ओपीडीत समुपदेशन आहे का बघा. दात आणि चष्म्याचे ॲड-ऑन मी तरी घेऊ नका म्हणेन, बऱ्याचदा जेवढा प्रीमियम तेवढीच मर्यादा. आणि रोजचं औषध त्या देशात चालतं का हेही तपासा, एडीएचडीची काही औषधं जपानमधे चक्क बेकायदा आहेत, विमा असून उपयोग काय.

पायरी ९: कंपनी कोण, आणि पुढच्या वर्षी काय

पॉलिसीवरचं नाव ब्रोकरचं असू शकतं, कार्डावरचं क्लेम बघणाऱ्याचं, आणि खरे पैसे देणारी विमा कंपनी तिसरीच. ती तिसरी शोधा आणि संबंधित देशाच्या नियामकाच्या यादीत आहे का बघा, तक्रार कुठल्या देशात करायची तेही तिथेच कळतं. मग तीन ओळी विचारा: क्लेम केल्यामुळे माझं रिन्यूअल नाकारू शकता का, माझ्या क्लेममुळे माझाच प्रीमियम वाढतो की सगळ्या गटाचा एकत्र वाढतो, आणि गेल्या काही वर्षांत माझ्या वयोगटाचा प्रीमियम किती वाढला. पहिल्या वर्षाचा प्रीमियम मुद्दाम आकर्षक ठेवतात, पंचावन्न-साठीच्या गटाचा दर आत्ताच मागून घ्या. जी कंपनी रिन्यूअलची हमी लेखी देत नाही तिच्याकडे कितीही स्वस्त असलं तरी जाऊ नका. गॅपचा धोका तुम्ही टाळलात तरी कंपनीच तो निर्माण करणार असेल तर काय अर्थ.

पायरी १०: घेतल्यावर आणि सोडताना

पॉलिसी आली की पहिल्या आठवड्यात कार्ड आणि इमर्जन्सी नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधे, मुलांच्या शाळेत एक प्रत. ठरवून होणाऱ्या ऑपरेशनची आधी परवानगी काढा, साधारण आठवडाभर आधी; इमर्जन्सीत ॲडमिट झाल्यावर एक-दोन दिवसांत कळवायचं असतं, उशीर झाला तर काही कंपन्या पैसे कापतात. बिल मागताना नुसती पावती नको, निदान लिहिलेलं आणि प्रत्येक बाबीचे वेगळे पैसे दाखवणारं बिल मागा. क्लेमची मुदत कंपनीप्रमाणे बदलते, कुठे ९० दिवस, कुठे १८० दिवस. परदेशी भाषेतल्या कागदाचं भाषांतर कोणाच्या खर्चाने तेही विचारून ठेवा.

नोकरी किंवा देश सोडताना राजीनाम्याच्या आधी कव्हर नेमकं कोणत्या तारखेला संपतं ते एचआरकडून लेखी घ्या, शेवटचा दिवस की महिनाअखेर हा फरक असतो. अमेरिकेत २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीतून बाहेर पडल्यावर कोब्रा नावाच्या कायद्याखाली तोच ग्रुप प्लॅन साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, ठरवायला ६० दिवस मिळतात, पण मालकाचा वाटाही तुम्हीच भरायचा, वर २ टक्के, त्यामुळे आकडा बघून डोळे पांढरे होतात. नेदरलँड्स, स्वित्झर्लंडसारख्या ठिकाणी पालिकेत नाव काढल्याचा दाखला विमा कंपनीला द्यावा लागतो, नाहीतर प्रीमियमची बिलं येतच राहतात. आणि निघायच्या आधी जुन्या कंपनीकडून एक पत्र नक्की मागून घ्या ज्यात कव्हर कधीपासून कधीपर्यंत होतं, काय वगळलेलं होतं आणि कोणते क्लेम झाले एवढं लिहिलेलं असेल. देश सोडल्यावर हे पत्र मिळवायला महिने लागतात आणि पुढची कंपनी ते पहिल्याच ईमेलमधे मागते.